कोबाल्ट ऑक्साइडचं एनएमआर: सिग्नल हरवतो तो भट्टीत, कॉइलमध्ये की वहीत?

"मॅडम, सिग्नलच येत नाही."

वर्षातून चार-पाचदा हा फोन येतो. फोन करणारी मुलगी किंवा मुलगा एनएमआर (अणुकेंद्रकांचा रेडिओ सिग्नल पकडून पदार्थाच्या आत डोकावायची पद्धत) घ्यायला मुंबईत गेलेला असतो, आठवड्याचा स्लॉट मिळालेला असतो आणि त्यातले तीन दिवस संपलेले असतात. मी तीनच प्रश्न विचारते. लँथॅनम ऑक्साइड कधी आणि कसं वजन केलंत? नमुना ठेवायची कॉइल आत्ता कुठल्या फ्रीक्वेन्सीला लावली आहे? पॉवर किती डेसिबलने खाली आणली? बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नालाच पलीकडे शांतता पसरते.

गोव्यात आपण नमुना ताळगावच्या पठारावर भाजतो आणि मोजायला बाहेर जातो. तिथे जाऊन चूक उमगली तर भट्टी पाचशेहून जास्त किलोमीटर मागे राहिलेली असते. म्हणून मोजणीइतकीच तयारी इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणाला लँथॅनम स्ट्रॉन्शियम कोबाल्टाइट घेते, लँथॅनमच्या शंभरापैकी तीस जागी स्ट्रॉन्शियम असलेलं. या कुटुंबात स्ट्रॉन्शियम साधारण १८ टक्क्यांच्या खाली असेल तर चुंबकीय गट सुटे-सुटे राहतात. त्याच्या वर ते एकमेकांना भिडतात आणि पदार्थ फेरोमॅग्नेट (लोखंडासारखा चुंबक) आणि धातूसारखा वाहक होतो. मॅग्नेटोमीटर या सगळ्याची एकच बेरीज देतो. एनएमआर मात्र कोबाल्टची किती केंद्रकं कुठल्या गटात बसली आहेत ते सांगू शकतं. मी त्याला हजेरी घेणं म्हणते. साठ मुलांच्या वर्गात पंचवीस सह्या आल्या, तर उरलेली पस्तीस कुठे गेली हे शोधल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नसतो.

१. आधी कागदावर पत्ता काढा

दोन केंद्रकं कामाची. कोबाल्ट-५९ चा स्पिन ७/२, नैसर्गिक प्रमाण १०० टक्के आणि फ्रीक्वेन्सी दर टेस्लाला साधारण १०.१ मेगाहर्ट्झ. लँथॅनम-१३९ चाही स्पिन ७/२, प्रमाण ९९.९ टक्के, दर टेस्लाला ६.०१ मेगाहर्ट्झ. म्हणजे ७ टेस्लाच्या चुंबकात कोबाल्ट ७१ च्या अलीकडे-पलीकडे आणि लँथॅनम ४२ मेगाहर्ट्झवर. महागडा आयसोटोप विकत घ्यावा लागत नाही, हे आपलं नशीब.

पण कोबाल्टचा पत्ता एक नाही, तीन आहेत. ज्या कोबाल्टचे सहाही डी-इलेक्ट्रॉन जोडीने बसलेत, तो लो-स्पिन कोबाल्ट अचुंबकीय असतो. त्याचा सिग्नल वरच्या हिशोबाच्या जवळपास, थोडा सरकलेला मिळतो. फेरोमॅग्नेटिक गटातल्या कोबाल्टवर त्याच्याच इलेक्ट्रॉनांचं इतकं जबर क्षेत्र असतं, की बाहेरचं चुंबक बंद असतानाही तो १०० मेगाहर्ट्झच्या वर, पार २०० च्या आसपासपर्यंत पसरलेला दिसतो. २०० मेगाहर्ट्झ म्हणजे केंद्रकाच्या जागी सुमारे २० टेस्ला, हे एकदा स्वतः भागून बघा. तिसरा पत्ता काचेसारख्या गोठणाऱ्या गटांचा. तो सगळीकडे विखुरलेला असतो आणि पुरेसं थंड केल्याशिवाय हाती लागत नाही.

लँथॅनमवर स्वतःचे चुंबकीय इलेक्ट्रॉन नाहीत. शेजारच्या कोबाल्टांची कुजबूज त्याला लांबून ऐकू येते. म्हणूनच वरच्या तापमानाला कोबाल्ट हरवतो तेव्हाही लँथॅनम बऱ्याचदा हाताशी असतो. चुंबकात मोजताना सुरुवात त्याच्यापासून करा.

*सावधान:* कोबाल्टचा गायरोमॅग्नेटिक गुणांक, म्हणजे वरची मेगाहर्ट्झमधली फ्रीक्वेन्सी, काही तक्त्यांत दर टेस्लाला १०.०५ असतो, काहींत १०.१०. या फरकाने अर्धा टक्का शिफ्ट (सिग्नलचं सरकणं) फुकटात पदरी पडते. कुठला आकडा धरला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

२. पूड वजन करणे: इथेच निम्मे खेळ संपतात

चवथीच्या नेवऱ्यांचा डबा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी काय होतं, ते गोव्यात कुणाला सांगायला नको. लँथॅनम ऑक्साइडची गत तीच, फक्त ते मऊ पडत नाही, जड होतं. हवेतलं पाणी ओढून त्याचं हायड्रॉक्साइड होतं, थोडं कार्बोनेटही होतं, आणि डोळ्यांना फरक कळत नाही. पांढरी पूड पांढरीच राहते.

हिशोब बघा. लँथॅनम ऑक्साइडचं मोलर वजन ३२५.८१ ग्रॅम. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर तेवढ्याच लँथॅनमचं वजन ३७९.८६ ग्रॅम भरतं. म्हणजे काट्यावर आकडा बरोबर येईल, पण लँथॅनम १४ टक्के कमी पडेल. उरलेल्या कोबाल्टचं कोबाल्ट ऑक्साइड होऊन नमुन्यात बसेल आणि तुम्ही ज्याला ३० टक्के डोपिंग (लँथॅनमच्या जागी मुद्दाम घातलेलं स्ट्रॉन्शियम) म्हणता ते भलतंच काही असेल. मी स्वतः एका जुलैत नव्या सीलबंद बाटलीवर विश्वास ठेवून थेट वजन केलं होतं. सील खरं होतं, पण आतला माल सील लावण्याआधीच ओलावलेला होता. सहा आठवडे गेले.

क्रम असा:

लँथॅनम ऑक्साइड अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत ९०० ते १००० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवा. भट्टी ३००-४०० अंशांवर आली की मूस चिमट्याने काढून सरळ डेसिकेटरमध्ये ठेवा. पूर्ण थंड होईपर्यंत भट्टीत ठेवली तर केलेलं निम्मं वाया जातं. स्ट्रॉन्शियम कार्बोनेट आणि कोबाल्ट ऑक्साइड १५०-२०० अंशांना वाळवलं की पुरे. ती दोन आधी वजन करून ठेवा आणि लँथॅनम ऑक्साइड सगळ्यात शेवटी, झटपट.

१० मिलिमोल नमुन्यासाठी: लँथॅनम ऑक्साइड १.१४०३ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट ०.४४२९ ग्रॅम, आणि कोबाल्ट ऑक्साइड, तीन कोबाल्ट-चार ऑक्सिजनवालं, ०.८०२७ ग्रॅम. तयार माल आदर्श स्थितीत २.३०४५ ग्रॅम भरायला हवा.

*तपासा:* वजन केलेली लँथॅनमची पूड काट्यावरच दहा मिनिटं राहू द्या. चौथा दशांश चढत असेल तर खोलीची हवा वजन करण्यालायक नाही. त्या दिवशी डिह्युमिडिफायर लावा, नाहीतर ते काम ऑक्टोबरवर ढकला. मी गंमत करत नाही. आमच्याकडे काही नमुने मुद्दाम दिवाळीनंतर भाजतात.

*सावधान:* कोबाल्टची पूड फुप्फुसाला वाईट. घोटताना मास्क आणि हातमोजे हवेतच, पंखा बंद.

३. भाजणे आणि ऑक्सिजनचा हिशोब

अ‍ॅगेटच्या खलात तासभर घोटा, भाजा, परत घोटा, गोळ्या दाबा, परत भाजा. शेवटचं भाजणं ११०० ते १२०० अंशांच्या दरम्यान. यावर फार लिहीत नाही, कारण हे सगळे बरं करतात. चूक होते ती थंड करताना.

वरच्या वजनांची बेरीज करा. कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर २.२५ ग्रॅमच उरतात, आणि तयार माल २.३० ग्रॅम व्हायचा आहे. मधले ५० मिलिग्रॅम हवेतून आलेला ऑक्सिजन. तापमान जितकं जास्त, तितका हा ऑक्सिजन नमुन्याबाहेर राहतो आणि थंड होताना हळूहळू आत येतो. भराभर थंड केलंत तर तो बाहेरच राहिला म्हणून समजा. ऑक्सिजनची एक मोकळी जागा दोन होल (स्ट्रॉन्शियममुळे झालेल्या इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) खाते. सूत्रामागे ०.०२ ऑक्सिजन कमी पडला, की ०.३० चं डोपिंग प्रत्यक्षात ०.२६ होतं. तुम्ही मात्र आलेखावर ०.३० लिहून मोकळे.

म्हणून ऑक्सिजनच्या प्रवाहात मिनिटाला एक अंश या वेगाने उतरवा. मे अखेरीच्या गडगडाटात वीज गेली आणि भट्टी आपापली थंड झाली, तर "झालं ते झालं, होतंच आलं होतं" असं म्हणू नका. ऑक्सिजनमध्ये परत ९०० अंशांवर नेऊन सावकाश उतरवा. भट्टीचं तापमान नोंदणारा स्वस्तातला लॉगर लावला, तर वीज गेल्याचं तुम्हाला निदान कळेल तरी.

*तपासा:* एक गोळी उघड्या बशीत आठवडाभर ठेवा. शिल्लक लँथॅनम ऑक्साइड असेल तर पावसाळी हवेत ती कडांपासून भुसभुशीत होते आणि चिमट्यात धरली की पीठ होऊन सांडते. एक्स-रे विवर्तनात न दिसलेली भेसळ आमच्या बशीने दोनदा पकडून दिली आहे.

४. रेल्वेचं तिकीट काढण्याआधी

तीन गोष्टी हातात असल्याशिवाय मडगाव स्टेशन गाठू नका.

एक, एक्स-रे विवर्तन. दोन, आयोडोमेट्री: नमुना आम्लात पोटॅशियम आयोडाइडसोबत विरघळवून सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं. जुनी, कंटाळवाणी आणि अतिशय विश्वासू पद्धत. तीन, मॅग्नेटोमीटरवर शून्य क्षेत्रात थंड केलेला आणि क्षेत्रात थंड केलेला, असे दोन्ही वक्र. ३० टक्क्यांच्या नमुन्यात फेरोमॅग्नेटिक उसळी २२० केल्विनच्या आसपास यावी. ती पसरट असेल किंवा दोन पायऱ्यांत येत असेल, तर नमुना एकसारखा झालेला नाही. असल्या नमुन्याचं एनएमआर घेऊन "चुंबकीय फेज सेपरेशन" (एकाच पदार्थात वेगवेगळे चुंबकीय भाग पडणं) असं शीर्षक देणारे असतात. ते सेपरेशन खलात झालेलं असतं.

५. कॉइलमध्ये भरणे

चांगला वाहक नमुना रेडिओ लहरींना आत येऊ देत नाही. रोधकता १ मिलिओहम-सेंटीमीटर असेल तर ७० मेगाहर्ट्झला लहर सुमारे १९० मायक्रॉन आत जाते. रोधकता दहापट कमी असेल तर जेमतेम ६० मायक्रॉन, आणि फेरोमॅग्नेटमध्ये त्याहूनही कमी. म्हणून अख्खी गोळी कॉइलमध्ये घालणं म्हणजे नारळ न फोडता पाणी प्यायचा प्रयत्न. गोळी दळा, ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, त्याहून बारीक मिळाली तर उत्तम.

मग पूड वितळलेल्या पॅराफिन मेणात कालवा आणि थिजेपर्यंत ढवळत राहा. मेण दोन कामं करतं: कण एकमेकांपासून वेगळे ठेवतं आणि ७ टेस्लात त्यांना वळू देत नाही. सुटी पूड क्षेत्राच्या दिशेने रांगेत उभी राहते, स्पेक्ट्रमचा आकार बदलतो आणि त्या आकाराचं भलतंच स्पष्टीकरण प्रबंधात जातं. नमुन्याचं मेणाशिवायचं वजन ट्यूबवर लिहा, हजेरीला लागेल. आणि ती ट्यूब एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साठीच्या अलीकडे वितळतं आणि सगळी पूड तळाला बसते.

६. सर्किट आणि रिकाम्या कॉइलची रात्र

पहिल्या दिवशी नमुना बाहेरच ठेवा. रिकामी कॉइल घालून तुमच्या पूर्ण पट्ट्यात स्कॅन घ्या. तांब्याची कॉइल स्वतःच बोलते: ७ टेस्लात तांबे-६३ हे ७९ मेगाहर्ट्झच्या थोडं वर, तांबे-६५ हे ८५ च्या जवळ. प्रोबमधलं अ‍ॅल्युमिनियम ७८ च्या आसपास. कोबाल्टची रुंद रेषा वरच्या बाजूला पसरली की या मंडळींशी गाठ पडते. तांब्याच्या सिग्नलला "नवीन चुंबकीय जागा" म्हणून बारसं घातलेलं मी पाहिलं आहे. चांदीच्या तारेची कॉइल मिळाली तर हा त्रासच नको.

त्यानंतर संदर्भ म्हणून पोटॅशियम हेक्झासायनोकोबाल्टेटचं पाण्यातलं द्रावण. रेषा बारीक आणि जोरकस येते. तिच्यावरून फ्रीक्वेन्सीचं शून्य ठरवा.

पल्सनंतर, म्हणजे रेडिओ लहरीच्या छोट्या ठोक्यानंतर, कॉइल काही काळ घणघणत राहते आणि तेवढा वेळ रिसीव्हर बहिरा असतो. क्यू (कॉइल किती वेळ घणघणते याचं माप) ५० धरला तर ७१ मेगाहर्ट्झला हा काळ साधारण ४-५ मायक्रोसेकंद, ४२ ला ७-८. आपल्या पदार्थात एको (दोन पल्सनंतर केंद्रकांकडून परत येणारा सिग्नल) वीस-तीस मायक्रोसेकंदांतच विझतो, त्यामुळे एकेक मायक्रोसेकंद मोलाचा. जास्त क्यू म्हणजे चांगली कॉइल हे द्रवांचं एनएमआर करणाऱ्यांचं शहाणपण. इथे क्यू थोडा पाडलेलाच बरा.

*तपासा:* पडद्यावर दिसतोय तो एकोच आहे का? दोन पल्समधलं अंतर ५ मायक्रोसेकंदांनी वाढवा. खरा एको १० मायक्रोसेकंदांनी पुढे सरकतो. घणघण दुसऱ्या पल्सला चिकटून राहते.

७. शून्य क्षेत्र आधी, चुंबक नंतर

हा क्रम उलटा करू नका. एकदा ७ टेस्ला दाखवलेला नमुना त्याची आठवण ठेवतो, आणि सुपरकंडक्टिंग चुंबकही "शून्य" म्हणताना थोडं क्षेत्र मागे ठेवतं. म्हणून ताजा नमुना, चुंबकाबाहेरच्या क्रायोस्टॅटमध्ये (नमुना थंड ठेवायच्या भांड्यात), खोलीच्या तापमानापासून क्षेत्राशिवाय थंड केलेला.

नमुन्याआधी बारीक कोबाल्ट धातूची पूड लावा. तिचा शून्य-क्षेत्र सिग्नल खोलीच्या तापमानालाही २१३ मेगाहर्ट्झच्या आसपास मिळतो, द्रव हेलियमच्या तापमानाला २१७ च्या जवळ. तो दिसला नाही, तर दोष तुमच्या मोजणीच्या साखळीत आहे.

आता पॉवर. फेरोमॅग्नेटमध्ये तुमची रेडिओ लहर आधी इलेक्ट्रॉनांचं चुंबकत्व हलवते आणि ते हललेलं चुंबकत्व केंद्रकावर कितीतरी मोठी लहर सोडतं. ही वाढ शंभरपट धरली, तर लागणारी पॉवर दहा हजारांश, म्हणजे ४० डेसिबल खाली. द्रावणावर बसवलेली पॉवर तशीच ठेवून नमुना लावला, की केंद्रकं गरगरा फिरून जातात आणि पडद्यावर काही उरत नाही. सुरुवातीला सांगितलेले निम्मे फोन या एका चुकीचे असतात.

करायचं असं: अटेन्युएटर ४०-५० डेसिबलवर ठेवा, ३-३ डेसिबलने पॉवर वाढवत प्रत्येक वेळी एकोची उंची लिहा. उंची चढेल, कळस गाठेल, उतरेल. कळसाचा आकडा हाच त्या फ्रीक्वेन्सीचा योग्य आकडा. हे एकदा करून भागत नाही. गटाच्या आत आणि सीमेवर वाढीचा गुणक वेगळा असतो, म्हणून दर १०-१५ मेगाहर्ट्झला परत करा. शिवाय वाढीचा गुणक काढायचा तो याच आकड्यांतून, द्रावणाच्या पॉवरशी तुलना करून.

वेळेचं गणित: १०० ते २२० पर्यंत १-१ मेगाहर्ट्झने गेलात तर १२१ बिंदू. ट्यूनिंग धरून प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे वीस तास आणि तेवढं हेलियम. आधी ५-५ च्या पावलांनी चार तासांत ढोबळ चित्र काढा, मग जिथे माल आहे तिथेच बारीक जा.

शेवटी थोडं क्षेत्र द्या, १ टेस्लापर्यंत. हायपरफाइन क्षेत्र (इलेक्ट्रॉनांचं केंद्रकावरचं क्षेत्र) चुंबकत्वाच्या उलट असेल तर सिग्नल सुमारे १० मेगाहर्ट्झने खाली सरकतो. सरकलाच नाही आणि नुसता क्षीण झाला, तर तो डोमेनच्या (एकाच दिशेने चुंबकित झालेल्या भागांच्या) मधल्या भिंतींचा होता.

८. हजेरी

आता प्रत्येक बिंदूची उंची फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने भागा, तापमानाने गुणा, आणि शून्य क्षेत्रातल्या सिग्नलला वाढीच्या गुणकानेही भागा. त्याआधी टी-टूची, म्हणजे एको विझायला लागणाऱ्या वेळेची, दुरुस्ती. टी-टू २० मायक्रोसेकंद आणि एको ३० मायक्रोसेकंदांवर घेतला, तर पडद्यावर २२ टक्केच सिग्नल उरलेला असतो. त्या ७८ टक्क्यांना "गायब" म्हणू नका, ते विझले आहेत. पल्समधलं अंतर पाच-सहा वेळा बदलून वक्र काढा आणि शून्य वेळेपर्यंत मागे न्या. टी-टू स्पेक्ट्रमभर सारखा नसतो, म्हणून तीन-चार ठिकाणी तरी करा.

इतकं केल्यावर लो-स्पिनवाले, फेरोवाले आणि काचेसारखे, सगळ्यांची बेरीज करून ती संदर्भ द्रावणातल्या कोबाल्टच्या संख्येशी ताडा. तीस-चाळीस टक्के कमी भरले तर घाबरू नका. चुंबकीय संक्रमणाजवळ केंद्रकं इतक्या वेगाने सैलावतात की रिसीव्हर उघडायच्या आत विझून जातात. त्यांना पकडायचं तर आणखी थंड करा आणि बघा, बेरीज चढते का. चढत गेली तर ते गट आत्ता गोठताहेत, आणि ती माहिती स्पेक्ट्रमच्या आकारापेक्षा मौल्यवान आहे. एकच तापमान घेऊन "इतके टक्के फेरोमॅग्नेटिक" असं लिहिलेल्या मसुद्यावर मी सही करत नाही.

९. टी-वन: एका रेषेचा मोह

टी-वन म्हणजे पल्सने हललेली केंद्रकं सैलावून मूळ स्थितीत परतायला लागणारा वेळ. मधलं संक्रमण, म्हणजे केंद्रकाच्या रेषांपैकी मधली रेषा, स्वच्छ वेगळं दिसत असेल आणि सैलावणं चुंबकीय असेल, तर ७/२ स्पिनचं पुनर्भरण चार घातांकी पदांचं असतं. वेग १, ६, १५ आणि २८ पट, गुणांक अनुक्रमे १/८४, ३/४४, ७५/३६४ आणि १२२५/१७१६. चारांची बेरीज १ येते का ते बघा, प्रोग्रॅममध्ये टंकताना हमखास एक अंक चुकतो. साधा एकच घातांक बसवलात तर टी-वनमध्ये वीस-पंचवीस पटींचा घोळ होतो, आणि गंमत म्हणजे आलेख छान दिसतो.

डोप केलेल्या नमुन्यात मात्र बाजूच्या रेषा मधलीवर चढलेल्या असतात आणि प्रत्येक कोबाल्टचा शेजार वेगळा असतो. तिथे हे सूत्र जसंच्या तसं लागू नाही. ताणलेला घातांक वापरा, त्याचा ताणही (बीटा हा आकडा, साध्या घातांकाला तो १ असतो) तापमानासोबत छापा. ताण तापमानाबरोबर घसरत असेल तर वेगांची पांगापांग वाढते आहे, गट वेगवेगळ्या वेळी गोठताहेत. आठव्या टप्प्यातली बेरीज आणि हा ताण एकाच कागदावर, एकाखाली एक काढा. दोन्ही एकाच तापमानाला वळत नसतील, तर मला फोन करण्याआधी दोन्ही वेळी थर्मामीटर नमुन्यापासून किती लांब होता ते बघून ठेवा.